विसाव्या नंबरला कुणी नाही

दिवा जरा सरकवा. माझ्याकडं नको, तुमच्याकडं. मला तुमचं तोंड बघायचंय. ऐकणाऱ्याचं तोंड दिसलं नाही तर सांगण्यात काय मजा? आणि आधीच सांगून ठेवतो, मी चेष्टेखोर माणूस. जन्मभर लोकांना टोप्या घातल्या. तेव्हा विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. फक्त मधेच उठू नका.

मी कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबचा शिपाई. सकाळी कुलूप काढायचं, फरशी पुसायची, एकेक मशीन चालू करायचं, संध्याकाळी एकेक बंद करायचं. एवढंच. शिक्षण विचाराल तर चौथीत मी आणि मास्तर, दोघंही एकमेकांना कंटाळलो. अक्षरं माझ्या ओळखीची आहेत, पण आमचं येणं-जाणं नाही. आकडे मात्र पक्के. आकड्यांनी मला कधी दगा दिला नाही.

लॅबमध्ये वीस मशिनं. पण नंबर शून्यापासून. शून्य, एक, दोन, असं करत शेवटचं एकोणीस. नवीन पोरं आली की मी गंभीर तोंड करून एकाला सांगायचो, "तू बाळा विसाव्या नंबरला बस." ते पोरगं दप्तर घेऊन लॅबभर फिरायचं. दोनदा मोजायचं, तिसऱ्यांदा मोजायचं. मग मॅडम म्हणायच्या, "मामा, पुरे."

या मॅडम म्हणजे माझी लेक.

हसू नका, खरंच. बाप शिपाई आणि लेक त्याच लॅबची मास्तरीण. ती सी शिकवायची. सी म्हणजे कॉम्प्युटरची एक भाषा, जुनी, खडूस. लॅबमध्ये मी सगळ्यांचा मामा, म्हणून तिचाही मामा. घरी गेलं की बाबा. मशिनांना शून्यापासून नंबर तिनंच लावले. म्हणायची, सी शून्यापासून मोजते, पोरांच्या अंगवळणी पडू दे.

एकदा घरी भांडी घासताना मी विचारलं होतं, "एवढी ओरडतेस पोरांवर, करतात तरी काय ती?"

"बाबा, समजा एका लांबलचक इमारतीत ओळीनं वीस खोल्या आहेत. शून्य ते एकोणीस. पोस्टमनला सांगितलं, विसाव्या नंबरच्या खोलीतून पत्र आण. शहाणा पोस्टमन काय म्हणेल?"

"म्हणेल, विसावा नंबरच नाही. घरी जा."

"सीचा पोस्टमन तसं म्हणत नाही. तो मुकाट्यानं जातो, शेवटच्या भिंतीपलीकडं हात घालतो आणि हाताला जे लागेल ते आणून देतो."

"काय लागतं?"

"कचरा. पूर्वी तिथं कुणी राहून गेलेलं असतं, त्याचं उरलंसुरलं. माणूस गेला की दारावरची पाटी काढतात फक्त. आत कुणी पुसून घेत नाही." मग माझ्या हातातलं भांडं बघून म्हणाली, "तुमच्यासारखंच. नीट घासा."

अजून एक सांगतो. तिला काही निरोप द्यायचा असला की ती पोरांबरोबर चिठ्ठी पाठवायची, आणि चिठ्ठीवर नुसता आकडा. चार म्हणजे चहा सांगा. नऊ म्हणजे बाहेरचं माणूस आलंय, चेष्टा बंद. सतरा म्हणजे डोकं ठणकतंय, गोळी आणा. बारा म्हणजे तुम्ही घरी जा, माझी वाट बघू नका. असे अठरा आकडे आमच्यात ठरलेले. पोरांना वाटायचं, मॅडम किती हुशार, सगळं आकड्यात बोलतात. खरं कारण एवढंच, की पोरांसमोर बापाला अक्षरं जुळवत उभं राहायला लागू नये.

तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी लॅब रिकामी होती. ती कोपऱ्यातल्या टेबलावर पेपर तपासत होती. एकोणीस नंबरचं मशीन संपतं, तिथून पुढं हाताच्या अंतरावर तिचं टेबल. मी बाहेर पायरीवर. एक पोरगी चिठ्ठी घेऊन आली. बारा.

त्या दुपारी सतरा यायला पाहिजे होता. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटण्याआधी तासभर तरी दुखत असणार. पण तिनं बारा पाठवला आणि मी शीळ घालत घरी गेलो. आयुष्यात एकदाच कुणाचं तरी मुकाट्यानं ऐकलं.

टेबल नंतर हलवलं. कोपरा रिकामा झाला. मी रोज तिथं फरशी पुसतो. गोळ्यांची पट्टी अजून शर्टाच्या खिशात असते. बायको होती तेव्हा ती म्हणायची, काढा ती. मी म्हणायचो, राहू दे, मला लागते. आता तीही नाही.

मागं राहिली नात. तिला मी चिमणी म्हणतो. तिच्या बापाचं नाव आमच्या घरात निघत नाही, तुम्हीही काढू नका. चिमणी त्याच कॉलेजात शिकते. आईपेक्षा हुशार, हे आईच म्हणायची. सगळे विषय सुटले तिचे, फक्त सीचं प्रॅक्टिकल अडलेलं. दोनदा बसली, दोनदा कोरा कागद देऊन उठली. येत नव्हतं असं नाही. त्या लॅबमध्ये बसली की काही वेळानं तिचे हात मांडीवर जायचे, आणि गेले की परत वर यायचे नाहीत. कॉलेजचा नियम, तीन वेळा संधी. तिसऱ्यांदा गेलं की नाव कापलं. चार वर्षं पाण्यात.

आता त्या तिसऱ्या वेळेची गोष्ट.

दुपारी दोनची परीक्षा. सकाळपासून आभाळ धुरकट, दिवसाढवळ्या कातरवेळेसारखं. मी कुलूप काढलं, पडदे ओढले, मशिनं चालू केली. एवढ्यात वीज गेली. मग बॅटरीवर मशिनं चालवायची आणि लॅबमधले दिवे बंद ठेवायचे, बॅटरी पुरावी म्हणून. म्हणजे बघा, काळोखी खोली, वीस निळे चौकोन आणि त्या चौकोनांपुढं वीस पोरांची निळी तोंडं. पंखे बंद. बॅटरीचा डबा दर मिनिटाला एकदा टिंग करायचा. मधल्या वेळात नुसती बटणांची टकटक, पत्र्यावर पाखरं चालल्यासारखी.

नातीच्या परीक्षेला आजोबानं ड्यूटी करू नये असा नियम असेलही. पण शिपायाला नातेवाईक असतात हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलेलं नसावं.

बाहेरून परीक्षक आले होते. चष्मा कपाळावर ठेवून टेबलावर शोधणारे. मशिनांच्या चिठ्ठ्यांचा डबा माझ्या हातात होता. देवाशपथ सांगतो, त्यात मी काही केलं नव्हतं. एरवी केलं असतं. चिमणीनं हात घातला आणि चिठ्ठी उघडून माझ्याकडं बघितलं. एकोणीस.

"बदलून देऊ?" मी ओठातल्या ओठात म्हटलं.

"नको." तिनं खुर्ची ओढली. रिकामा कोपरा तिच्या उजव्या हाताला.

प्रश्न सोपा होता. वीस पोरांचे मार्क, पंचवीसपैकी. ते ओळीनं साठवायचे, एकाखाली एक छापायचे, खाली बेरीज. बेरीज किती यायला पाहिजे ते सरांच्या कागदावर होतं, मी पाणी देताना वाचून घेतलं. तीनशे अकरा. पाणी देता देता त्यांच्या पेनाचं टोपणही खिशात घातलं. सवय. सर टेबलाखाली वाकून टोपण शोधत होते आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या.

तसाच फिरत मी चिमणीच्या मागं आलो. तिनं लिहून संपवलं होतं. बटण दाबलं. आकडे भराभर खाली उतरले. पंधरा, बावीस, अकरा, एकोणीस... सगळ्यात खाली बेरीज. तीनशे वीस.

तिची मान जराशी तिरकी झाली.

मी सवयीनं ओळी मोजल्या. मला दुसरं काय येतं? वीस असायला पाहिजेत. एकवीस भरल्या. परत मोजल्या. एकवीस. आणि तो जास्तीचा, शेवटचा आकडा होता नऊ.

बाहेरचं माणूस आलंय. चेष्टा बंद.

माझा हात खिशातून आपोआप बाहेर आला. टोपण मी गुपचूप सरांच्या टेबलावर ठेवून दिलं. स्वतःलाच म्हटलं, म्हाताऱ्या, योगायोग असतो. जगात आकडे किती, नऊ कधीतरी येणारच.

तिची चूक मला कळली होती. इतकी वर्षं दाराबाहेर बसून तेच ऐकलंय. "वीसपेक्षा कमी लिहा, वीसपर्यंत लिहू नका!" पोरगी एक चिन्ह जास्तीचं लिहून बसली होती, बरोबरचं, दोन आडव्या रेघांचं. पोस्टमन भिंतीपलीकडं गेला होता. पण एरवी तिकडून कचरा येतो तो कचऱ्यासारखा येतो, दहा-दहा आकडी, उणे चिन्ह लावलेला, आंधळ्यालाही दिसावा असा. इथं आला तो नऊ. पंचवीसपैकी नऊ, एखाद्या ढ पोराच्या मार्कासारखा रांगेत गुपचूप उभा. चिमणीला कळणार कसं?

तिनं परत चालवलं. तीनशे अठ्ठावीस.

"बेरीज बदलतेय..." ती पुटपुटली. "आकडे तर बरोबर आहेत, मग बेरीज का बदलतेय?"

शेवटचा आकडा सतरा.

डोकं ठणकतंय. गोळी आणा.

आणि तेव्हा वास आला. तापलेल्या धुळीचा तर होताच, मशिनांचा नेहमीचा. त्याच्या आतून दुसरा. लवंगेचा. दिवसभर बोलून घसा बसायचा म्हणून ती गालात लवंग ठेवायची. कोपऱ्यात काही नव्हतं. काळी फरशी आणि त्या फरशीवर निळा उजेड. माझा हात छातीवरच्या खिशाकडं गेला. पट्टी बोटांना लागली. मी ती बाहेर काढली आणि तसाच उभा राहिलो. देऊ कुणाला? कुठं ठेवू?

टिंग.

"दहा मिनिटं," सर म्हणाले.

आता मी केलं ते ऐका. मला हे कुणालाच सांगायचं नव्हतं. मला चूक माहीत होती. कसंही करून मी ती सुचवू शकलो असतो. पण ती चूक होती तोवर भिंतीला भोक होतं. मी खाली वाकलो आणि नातीच्या कानात म्हणालो, "परत चालव."

"आजोबा, पण बेरीज..."

"चालव गं. एकदाच."

तिनं चालवलं. तीनशे तेवीस. शेवटचा आकडा बारा.

तुम्ही घरी जा. माझी वाट बघू नका.

मी मनात म्हटलं, नाही जात. या वेळी नाही. हातपाय आपटलेस तरी नाही. आणि मी परत वाकलो, परत चालव म्हणायला. तेवढ्यात खाली बघितलं. चिमणीचे दोन्ही हात मांडीवर होते.

"आजोबा," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. "मला नाही जमत. मी उठते."

लेक एका बाजूला, नात एका बाजूला. मधे माझ्यासारखा गाढव.

मी ताठ उभा राहिलो आणि खणखणीत ओरडलो, "शून्य!"

वीसच्या वीस पोरं दचकली. सर खुर्चीतून अर्धे उठले. "काय झालं?"

"काही नाही सर, मशिनं मोजतोय. परीक्षा संपायच्या आधी मोजायचा नियम आहे."

"असा कुठला नियम?"

"नसला तर आजपासून करा. एक! दोन! तीन!" मी हात हलवत रांगेतून निघालो, जत्रेतल्या माणसासारखा. पोरं खुदखुदायला लागली. "दहा! अकरा! बारा!" बारा जरा जास्तच जोरात म्हटलं. "सतरा! अठरा!" फिरत फिरत मी चिमणीसमोर येऊन थांबलो. कोपऱ्याकडं पाठ. तिच्या डोळ्यात बघितलं. "एकोणीस! संपली. शून्यापासून एकोणीसपर्यंत, झाली वीस. त्याच्या पुढं जायचं नाही! विसाव्या नंबरला कुणी नाही! तिथं कुणी शोधत बसू नका... तिथं... कुणी नाही!"

माझा आवाज माझ्याच कानात घुमत राहिला. पोरं खो-खो हसली. आणि हसता हसता एकदम थांबली, कुणी नळ बंद केल्यासारखी. सर माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "तुम्ही शांत बसा." मला वाटलं, मलाच म्हणताहेत. चष्मा नव्हता ना त्यांच्या डोळ्यांवर.

चिमणी स्क्रीनकडं बघत होती. तिचा एक हात हळूच वर आला. बोटानं स्क्रीनवरच्या ओळी मोजल्या. मग एक चिन्ह पुसलं. फक्त एक. बटण दाबलं.

वीस आकडे. तीनशे अकरा.

त्याच क्षणी वीज आली. दिवे लागले, पंखे घरघरले, आणि लवंगेचा वास गेला. हळूहळू विरला नाही. दार लावून घेतल्यासारखा गेला. माझ्या मुठीत गोळ्यांची पट्टी चुरगळलेली होती.

चिमणी पास झाली. तोंडी प्रश्नही धडाधड सांगितले तिनं. निकाल लागला त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीला चहा पाजला आणि निम्म्या लोकांच्या कपात मीठ घातलं.

आठवडाभरानं मात्र राहवलं नाही. संध्याकाळी ती घरी तिच्या कॉम्प्युटरवर बसली होती. मी म्हटलं, "चिमणे, तुझी ती चूक परत लिहून दे की."

"कुठली?"

"ती जास्तीच्या चिन्हाची. वीसच्या पुढं जाणारी."

ती हसली, पण लिहून दिली. चालवली. शेवटी आला एक दहा आकडी राक्षस, उणे चिन्ह लावून. परत चालवली. तसलाच दुसरा. लॅबमध्ये नेऊन एकोणीस नंबरवरही चालवून बघितली आम्ही, भर दुपारी. कचरा. नुसता कचरा. मी म्हणत राहिलो, अजून एकदा, अजून एकदा. शेवटी तिनं मशीन बंद केलं आणि खुर्ची माझ्याकडं वळवली.

"काय शोधताय आजोबा?"

मग मी सांगितलं. नऊ, सतरा, बारा, सगळं. मी तिला एकदा जास्तीचं चालवायला लावलं तेही सांगितलं. वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही.

"आजोबा, त्या दिवशी पोरं कशाला हसली माहितेय तुम्हाला?"

"माझ्या चेष्टेला. दुसरं कशाला?"

"नाही. तुम्ही म्हणालात ना, विसाव्या नंबरला कुणी नाही. तेव्हा तुमच्या मागून, कोपऱ्यातून, कुणीतरी म्हणालं, 'आहे की.' पोरांना वाटलं, कुणीतरी मामांची जिरवली."

माझ्या हातात किल्ल्यांची जुडी होती. मी ती मांडीवर ठेवली.

"आवाज कुणासारखा होता गं?"

"आईसारखा. म्हणून तर मी तुमच्या मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर परत स्क्रीनकडं मान वळली नसती माझी."

सगळ्या लॅबनं ऐकलं हो. वीस पोरांनी ऐकलं, चष्मा नसलेल्या परीक्षकानं ऐकलं. मी तिच्याकडं पाठ करून, तिथं कुणी नाही म्हणून बोंबलत होतो. ज्याला ऐकायचं होतं त्याच्याच कानात त्याचाच आवाज.

"अजून काही म्हणाली?"

"ती नाही." चिमणीनं माझा हात धरला. तिची बोटं गार होती. "तिच्या शेजारून अजून कुणीतरी बोललं. 'मी पण' असं. तेव्हा पोरं हसायची थांबली."

"दुसरं कोण असणार तिथं?"

"तुम्ही."

मी हसायला गेलो. "चिमणे, आजोबाची चेष्टा करतेस? माझ्याकडूनच शिकलीस आणि..."

"तुमचाच आवाज होता आजोबा. तुम्ही माझ्यासमोर तोंड मिटून उभे होतात, मी बघत होते. आणि तुमचा आवाज तिकडून आला."

ती खोटं बोलली की तिचा डावा कान लाल होतो. दोन्ही कान पांढरे होते.

मग मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"कसा म्हणाला गं तो? घाबरून?"

चिमणीनं मान हलवली.

"नाही. खूप दिवसांनी घरी पोचलेला माणूस बोलतो ना, तसा."